रानातलं पिल्लू एकटं सापडलं तर: उचलण्याआधीपासून सोडण्यापर्यंत

झाडाखाली, गवतात किंवा रस्त्याच्या कडेला एकटं पिल्लू दिसलं की हात आपोआप पुढे जातो. तो हात थोडा वेळ मागेच ठेवा. वाचवायचं म्हणून उचललेली कितीतरी पिल्लं मुळात अनाथ नसतातच. आई जवळपास असते आणि माणूस निघून जायची वाट बघत असते. म्हणून या कामातली सर्वांत मोठी पायरी उचलण्याच्या आधीची आहे, आणि तिच्यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे.

१. खरंच अनाथ आहे का, ते पाहा

हरणाचं पाडस दिवसभर गवतात निपचित पडून असतं. त्याच्या अंगाला वास फार कमी येतो. शिकारी प्राण्याचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून आई मुद्दाम लांब राहते आणि पाजण्यापुरतीच येते. रानसशाची पिल्लंही अशीच एकटी असतात. आई बहुधा दिवसातून एकदा, अंधार पडताना, पाजून जाते. अशा पिल्लाला ‘टाकून दिलेलं’ समजून घरी नेणं म्हणजे आपणच त्याला पोरकं करणं.

पक्ष्यांच्या बाबतीत पिसं बघा. अंगभर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, जमिनीवर टुणटुण उड्या मारतंय, तर ते उडायला शिकत आहे. आई-वडील त्याला खालीच भरवतात. मांजर-कुत्रा दूर ठेवा, फार तर जवळच्या झुडपात बसवा, आणि निघा. घुबडाची पिल्लंही नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडून फांद्यांवर चढत फिरतात.

अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले आहेत, असं पिल्लू पडलं असेल तर ते घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा गैरसमज आहे. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली त्याच जागी घट्ट बांधा, आत सुकं गवत घाला, पिल्लू ठेवा आणि लांबून दोनेक तास लक्ष ठेवा. तुम्ही जवळ उभे राहिलात तर पालक येणार नाहीत. खारीचं पिल्लू पडलं असेल तर उबदार खोक्यात घालून त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा. दिवसाउजेडी खारीण बहुतेकदा त्याला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते.

मदत लागणार हे ठरवणाऱ्या खुणा अशा: शेजारी आई मरून पडली आहे, अंगावर रक्त किंवा माशीची अंडी आहेत, पाय किंवा पंख लोंबतो आहे, अंग गार पडलं आहे, किंवा मांजराने तोंडात धरलं होतं. शेवटच्या खुणेकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी मांजराच्या लाळेतले जिवाणू लहान जिवाला एक-दोन दिवसांत संपवू शकतात. त्याला प्रतिजैविक लवकर मिळावं लागतं.

कांगारू किंवा पोसम (ऑस्ट्रेलियातला झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला छोटा प्राणी) गाडीखाली मेलेली दिसली तर तिची पिशवीही तपासावी. आत पिल्लू जिवंत असू शकतं. ते सडाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, तोंड फाटतं. आईसकट वन्यप्राणी बचाव केंद्रात न्या.

२. उचलताना

जाड हातमोजे किंवा टॉवेल घ्या. वटवाघूळ आणि मांसभक्षक प्राण्यांच्या पिल्लांना उघड्या हाताने कधीच धरू नका. त्यांच्यातून रेबीजची लागण होऊ शकते. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड अंथरा, पिल्लू ठेवा, झाकण लावा. अंधार आणि शांतता हेही औषधच आहे. सारखं उघडून बघणं, फोटो काढणं, मुलांच्या हातात देणं, सगळं टाळा. धास्तीनेही पिल्लू मरतं. सापडल्याची नेमकी जागा आणि वेळ लिहून ठेवा. सोडायच्या वेळी हीच नोंद लागते.

३. आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न

हा क्रम मोडू नका. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही, पोटात गेलेलं दूध तसंच साचून सडतं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे जास्त उष्ण वाटलं तर त्याला सरकायला जागा राहील. ऊब आल्याशिवाय काहीही पाजू नका. पक्ष्याच्या चोचीत पाणी तर मुळीच ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि एक थेंब फुप्फुसात गेला तरी जीव जाऊ शकतो.

गाईचं दूध देऊ नका, ही सूचना सगळे देतात. कारण मात्र क्वचित सांगितलं जातं. प्रत्येक प्राण्याचं दूध त्याच्या जगण्याला जुळलेलं असतं. गाईच्या दुधात साधारण ४ टक्के चरबी असते, गेंड्याच्या दुधात १ टक्क्याहूनही कमी, तर काही सीलच्या दुधात निम्म्याहून जास्त. त्यात गाईच्या दुधातली साखर अनेक पिल्लांना पचत नाही. जुलाब लागतात आणि आधीच सुकलेलं पिल्लू आणखी सुकतं. पक्ष्यांना तर दूधपाव कुठल्याच वयात नको.

४. लगेच केंद्राला कळवा

वनखातं, मान्यताप्राप्त बचाव केंद्र किंवा वन्यप्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य यांना पहिल्या तासातच फोन करा. अनेक देशांत परवान्याशिवाय वन्यप्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि तो नियम मला अगदी योग्य वाटतो. पिसं न फुटलेल्या छोट्या पक्ष्याला दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाने किंवा त्याहूनही लवकर भरवावं लागतं. हे नोकरी-घर सांभाळून जमत नाही.

५. वाढवताना

इथून पुढचं काम प्रशिक्षित माणसांचं. पण स्वयंसेवक म्हणून हात लावणार असाल तर हे ठाऊक हवं. सस्तन पिल्लाला पोटावर, मान सरळ ठेवून पाजायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. अगदी लहान पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटून करवते, आपण कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने करवायची. वजन रोज ठरलेल्या वेळी करून लिहायचं. काही बिघडलं की बऱ्याचदा आधी वजनात दिसतं. शिकारी पक्ष्यांच्या पिल्लांना नुसतं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात, म्हणून भक्ष्य हाडांसकट द्यायचं.

सर्वांत अवघड असतं ते अंतर राखणं. पिल्लू पहिल्या दिवसांत ज्याला बघतं त्यालाच आपलं मानू लागतं. कॅलिफोर्निया कॉन्डॉर ही अमेरिकेतली प्रचंड मोठी गिधाडं १९८२ साली फक्त २२ उरली होती; पुढे त्यांची पिल्लं वाढवताना माणसं दिसू नयेत म्हणून कॉन्डॉरच्या डोक्याची बाहुली हातात चढवून भरवलं गेलं. हत्तीचं उलट आहे. त्याच्या पिल्लाला सतत सोबत लागते. केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी बरीच वर्षं खटपट करून अशा पिल्लांना पचेल असं दूध बनवलं. पण आयशा नावाचं पिल्लू एकट्या त्यांच्यातच इतकं गुंतलं की त्या लेकीच्या लग्नासाठी काही दिवस लांब गेल्यावर त्याने खाणं सोडलं आणि ते दगावलं. नंतर तिथे राखणदार आलटून पालटून ठेवू लागले. म्हणून शक्य तितक्या लवकर पिल्लाला त्याच्याच जातीच्या दुसऱ्या पिल्लांत मिसळायचं, नाव घेऊन लाडाने बोलायचं नाही, आणि पाळीव कुत्र्या-मांजरांची सवय होऊ द्यायची नाही.

६. सोडताना

रानातलं अन्न ओळखून स्वतः मिळवतं का? वजन वयाला साजेसं आहे का? पक्षी असेल तर पिसं पाणी झटकतात का, सलग उडता येतं का? आणि माणूस दिसला की पळतं का? यातलं एकही उत्तर ‘नाही’ असेल तर थांबा.

सोडायच्या भागातच मोठा पिंजरा बांधून काही दिवस ठेवावं, मग दार उघडं टाकावं आणि तिथे थोडं अन्न ठेवत राहून हळूहळू कमी करावं. जागा शक्यतो सापडली त्याच्या जवळची हवी. दूरच्या रानात सोडलं तर नवे रोग जातात आणि तिथल्या प्राण्यांशी झगडावं लागतं. निशाचर असेल तर संध्याकाळी, दिवसा फिरणारा असेल तर सकाळी सोडा. पुढचे दोन-तीन दिवस हवा चांगली राहणार असेल तेव्हाच सोडा. नंतर ते वस्तीत येऊन माणसांकडे खाणं मागू लागलं, तर खायला घालू नका. केंद्राला कळवा, ते त्याला परत नेऊन पुन्हा तयारी करून घेतील.