वाडा राखायचा तर आधी मोरी आणि छप्पर

गोव्यात अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, आमच्या वाड्याच्या किल्ल्या सध्या माझ्याकडे असतात. म्हणून ओळखीतली माणसं विचारतात, असं जुनं घर विकत घ्यावं का, वारशात आलेलं राखावं का. जरूर राखा, पण त्याला दर वर्षी पैसे लागणार हे धरून चाला. एकदाच मोठी दुरुस्ती करून मोकळं होता येत नाही.

घर बघायला मे महिन्यात जाऊ नका. तेव्हा राजांगणात, म्हणजे मधल्या उघड्या चौकात, ऊन उतरलेलं असतं, शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुधाळ उजेड येतो, सोप्यावर बसलं की उठवत नाही. मला इतकी वर्षं झाली तरी उठवत नाही. जुलैत जा, भर पावसात. कुठला वासा काळा पडलाय, भिंत किती उंचीपर्यंत ओली आहे, ते तेव्हा दिसतं.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. 400 चौरस मीटर जागा व्यापणाऱ्या वाड्यावर म्हणजे 12 लाख लिटर पाणी. चौसोपी घरात छपराचा एक उतार आत असतो, त्यामुळे यातलं बरंच पाणी राजांगणात पडून जमिनीखालच्या मोरीनं बाहेर जातं. ती तुंबली की पाणी जोत्यात मुरतं. मोरी कुठून कुठं जाते, ते घरातल्या जुन्या माणसाला विचारून कागदावर काढून ठेवा. मे संपायच्या आत ती उपसा आणि घागरींनी पाणी ओतून वाहते का बघा.

मग छप्पर. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. उतार धरून छप्पर 450 चौरस मीटर भरलं तर पावणेसात हजार. दर एप्रिलात नळे, म्हणजे हीच कौलं, परतून घ्यायचे, फुटके बदलायचे, पाचोळा आणि शेवाळ झाडायचं. यात खरा खर्च मजुरीचा. कौलांवरून न फोडता चालणारी माणसं आता थोडी उरलीत, त्यांना पाडव्यालाच सांगून ठेवा. शेजारपाजारी जुनं घर पाडलं जात असेल तर त्याची कौलं घेऊन रचून ठेवा, कारण तोच साचा पुन्हा मिळेल याची खात्री नाही. एक कौल सरकलं की आधी रीप भिजते, मग वासा, आणि भिजल्या लाकडाला वाळवी लागते. वासा बदलायला अख्खा तो भाग उतरवावा लागतो.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या. चिरा पाणी शोषतो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देतो, सिमेंट कोंडून ठेवतं; मग ओल वर चढते, भिंतीचे पापुद्रे सुटतात. गवंडी सिमेंटसाठी गळ घालेल, स्वस्त पडतं म्हणेल. ठाम नाही म्हणा. पश्चिमेच्या भिंतीला पावसाआधी माडाच्या चुडतांची झापं बांधली तर गिलावा जास्त टिकतो.

विकत घेणार असाल तर कागद वकिलाकडून तपासा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे इथं नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात आणि मुलगी मुलाइतकीच वारस असते. वारसाहक्काचा भाग आता 2012 च्या गोव्याच्या कायद्यात आहे. म्हणून सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या हव्यात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झाली आहे का, तेही विचारा. आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर असेल तर त्याला 1975 च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे.

खर्चाला हातभार म्हणून काही घरं पाहुण्यांना उघडी केलेली आहेत. चांदोरचं ब्रागांझांचं घर किंवा केप्याचा 1787 सालचा पालासियो दो देआंव एकदा बघून या. मात्र त्यासाठी घरात कायम राहणारं, येणाऱ्याशी बोलणारं माणूस लागतं.

आमचा खर्च भाऊबंदांच्या वर्गणीतून चालतो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे येतात. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आरती झाली की वही उघडते: गेल्या वर्षी काय केलं, यंदा काय करायचं, कोणाचा वाटा किती. ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं एप्रिलात येऊन राहावं आणि नळे परतून होईपर्यंत कामावर लक्ष ठेवावं. वहीत तीही वर्गणी म्हणूनच लिहितो.