कंपनीचं क्रेडिट बनवायचंय? सप्लायरच्या बिलांपासून सुरुवात करा

नवीन कंपनी असेल तर थेट मोठ्या लोनच्या मागे लागू नका, आधी कंपनीच्या नावाचं वेगळं बँक खातं उघडा आणि घरखर्च त्यातून अजिबात करू नका. मग एखाद्या सप्लायरकडून 30 दिवसांच्या उधारीवर माल घ्या, पण घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा, की तुम्ही पेमेंटची माहिती क्रेडिट ब्युरोला (कोण उधारी कशी फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) पाठवता का, कारण ते पाठवत नसतील तर तुम्ही कितीही वेळेवर पैसे दिले तरी रेकॉर्डवर काहीच दिसत नाही. हे बरेच जण विचारतच नाहीत!

डन अँड ब्रॅडस्ट्रीट या अशाच एका ब्युरोचा पेडेक्स स्कोअर, म्हणजे कंपनी बिलं किती वेळेवर भरते याचे गुण, 1 ते 100 असतो, वेळेवर पैसे दिले तर 80, त्याच्या वर जायचं तर मुदतीच्या आधी द्यावे लागतात. आणि 30 दिवस बहुतेक वेळा बिलावरच्या तारखेपासून मोजतात, माल हातात आल्यापासून नाही, त्यात शेवटच्या दिवशी ट्रान्सफर केलं आणि मध्ये सुट्टी आली की झाला उशीर. म्हणून मी तर 20व्या दिवसाचा रिमाइंडर लावूनच ठेवते. ब्युरोकडचा आपला रिपोर्ट पण अधूनमधून बघत जा, भरलेलं बिल थकीत दाखवलं असेल तर पावती जोडून लगेच दुरुस्त करून घ्या.