दोह्यात इंग्रजी शिकवायला येताय? आधी पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार ते विचारा

दर आठवड्याला ओळखीतल्या ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. ताई, बीएड झालंय, पाच वर्षं इंग्रजी शिकवतेय, दोह्याच्या शाळेची ऑफर आलीय, पण तिकडे सेफ आहे का हो? आणि मी दर वेळी अडखळते, कारण सेफ आहे म्हटलं तर २०२५ चा जून आठवतो आणि नाही म्हटलं तर मग मी इथे दोन वर्षं काय करतेय. म्हणून हे एकदाच लिहून टाकते. अटेस्टेशन, मेडिकल, व्हिसा हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. फक्त एवढंच की कतारला अपोस्टिल (कागदपत्रांवरचा आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) चालत नाही, एम्बसीचाच शिक्का लागतो, त्यामुळे एजंट 'अपोस्टिल करून देतो' म्हणाला की समजा याला काही माहीत नाही, फोन ठेवा.

मी मूळची मनमाडची. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी मॉक ड्रिलच्या यादीत मनमाडचं नाव आलं आणि मी इथून आईला दिवसातून चारदा फोन करत होते, गाडीत बसून घाबरी होऊन. शेजारच्या वर्गावर लाहोरची एक मॅडम होती, तीही तेच करत होती, तिच्या घरी. त्या चार दिवसांत आम्ही दोघी एकमेकींशी फक्त पेपर करेक्शनबद्दल बोललो. दीड महिन्यानंतर उलटं झालं, फोन आई करायला लागली.

२३ जून, सोमवार. त्याच्या आधी दहा दिवस इस्रायल-इराण युद्ध चालूच होतं, पण दोह्यात मॉल भरलेले, शाळेत रिपोर्ट कार्डांची घाई, कुणाला काही पडलेलं नाही. दुपारी स्टाफरूममध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्यांच्या फोनवर त्यांच्या एम्बसीचे मेसेज आले, आहात तिथेच थांबा म्हणून. बाकीचे आम्ही एकमेकांकडे बघतोय. आयर्लंडचा एक सर म्हणाला, मी निघालो, मला ही नोकरी पोरांना इंग्रजी शिकवायला दिली होती, हे बघायला नाही. लेबनॉनची मॅडम चहा ढवळत म्हणाली, आधी पाणी भरून ठेवा, मग घाबरा. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की एकाच स्टाफरूममध्ये सेफ्टी या शब्दाचे पाच अर्थ असतात आणि कुणाचा अर्थ काय ते तो कुठल्या गावात वाढला त्यावरून ठरतं. (पगार मात्र पासपोर्टवरून ठरतो, तेच पुस्तक, तीच वर्कशीट, पण तो वेगळा विषय, त्यावर लिहायला लागले तर थांबणार नाही.)

संध्याकाळी विमानांसाठी आकाश बंद केल्याची बातमी आली आणि थोड्याच वेळात अल उदैदच्या दिशेने आकाशात ठिणग्या. अल उदैद म्हणजे अमेरिकेचा इकडचा सगळ्यात मोठा तळ, दोह्यापासून साधारण तीसेक किलोमीटर. आवाज पोटात जाणवतो, कानात नंतर. हल्ला इराणचा, त्यांनी आधी कळवलेलं होतं, क्षेपणास्त्रं बहुतेक हवेतच पाडली, कुणी गेलं नाही, आपल्या एम्बसीनेही घरातच राहा, शांत राहा असं कळवलं. मध्यरात्रीनंतर आकाश परत उघडलं. आईला टीव्हीवरच्या लाल पट्टीमुळे वाटत होतं की मी ढिगाऱ्याखाली आहे आणि मी खिडकीत उभी राहून खालच्या दुकानातून कुबूस, म्हणजे इथली रोटी, घेणारा माणूस बघत होते.

आता माझी खरी फजिती. माझी मुंबईची फ्लाईट दुसऱ्या दिवशी रात्रीची होती, सुट्टीची, आधीच काढलेली. आणि माझा पासपोर्ट माझ्याकडे नव्हता. तो शाळेच्या ऑफिसमधल्या लोखंडी कपाटात होता, आणि कपाटाची चावी ज्या पीआरओकडे (शाळेची व्हिसा-सरकारी कामं करणारा माणूस), तो रविवारीच सुट्टीवर गेलेला.

तुम्ही म्हणाल, पासपोर्ट ठेवून घेणं तर बेकायदेशीर आहे ना. आहे. कतारच्या २०१५ च्या २१ नंबरच्या कायद्यात स्पष्ट आहे, रेसिडेन्सीचं काम झालं की पासपोर्ट परत द्यायचा, नाहीतर २५,००० रियालपर्यंत दंड. पण त्यातच एक फट आहे आणि मी त्याच फटीत पडले. कर्मचाऱ्याने स्वतः लेखी विनंती केली तर कंपनी पासपोर्ट ठेवू शकते. जॉइनिंगच्या दिवशी माझ्यासमोर बावीस-तेवीस कागद आले, बँक, इन्शुरन्स, लॅपटॉप, मुलांना हात न लावण्याची पॉलिसी, आणि त्यातच एक अर्ध्या पानाचा कागद, वरती अरबी, खाली इंग्रजी, की माझा पासपोर्ट सुरक्षित ठेवावा अशी मी विनंती करते. मी. इंग्रजीची शिक्षिका. मुलांना प्रत्येक ओळ वाचून मग उत्तर लिहा सांगणारी. सही करून मोकळी, कारण मागे सहाजण रांगेत होते आणि एसी फार जोरात होता आणि मला पहिल्याच दिवशी किरकिरी म्हणून नाव नको होतं. दोन वर्षं काही अडलं नाही, सुट्टीला जायच्या आदल्या दिवशी मिळायचा, आल्यावर परत द्यायचा, सगळेच देत होते म्हणून मीही.

पासपोर्टऐवजी घरी परतायला एम्बसीचं इमर्जन्सी सर्टिफिकेट असतं हे मला माहीत होतं, पण ते पासपोर्ट हरवला तर. माझा हरवला नव्हता, मला तो कुठे आहे हे नीट माहीत होतं, तिसऱ्या खणात. मंगळवारी सकाळपासून मी ऑफिसबाहेर बसले, दुसरी चावी हेड ऑफिसला, हेड ऑफिसचा माणूस फोन उचलेना, दुपार गेली, फ्लाईट गेली. एअरलाईनचं सगळंच विस्कटलेलं असल्यामुळे तारीख फुकटात बदलून मिळाली, हे निव्वळ नशीब. पासपोर्ट बुधवारी दुपारी हातात आला. त्या दोन दिवसांत मला क्षेपणास्त्राची भीती एकदाही वाटली नाही, खरं सांगते, फक्त कपाट दिसत होतं डोळ्यांसमोर.

म्हणून परत सांगते, सांगून सांगून तुम्हाला कंटाळा येईल तरी चालेल. जॉइनिंगच्या गठ्ठ्यात तो कागद शोधा. सापडला तर सही करू नका. आधीच केली असेल तर एका ओळीचा ईमेल टाका की मला माझा पासपोर्ट परत हवा आहे, मागितला की द्यावा लागतो. तोंडी मागू नका, ईमेलच करा. पीआरओ 'मॅडम इथेच सेफ आहे, तुमच्या फ्लॅटमध्ये चोरी झाली तर' म्हणेल, हसा आणि ईमेल करा.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक वयस्कर मॅडम आहेत, १९९० ला इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा तिथे होत्या. तेव्हा आपल्या सरकारने जॉर्डनच्या अम्मानहून एक लाख सत्तर हजारांच्या वर माणसं विमानांनी आणली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या म्हणतात, विमान सरकार पाठवतं गं, पण अम्मानपर्यंत बसने आम्ही आमचे गेलो, वाळवंटातून, आणि आईने कागद पोटाला बांधले होते. मला आजवर भेटलेली ही एकमेव उपयोगी मेंटॉर. बाकी यूट्यूबवर 'गल्फ टीचर लाइफ' दाखवणाऱ्या ताई लुलू सुपरमार्केटमधल्या भाज्यांचे भाव सांगतात, कॉन्ट्रॅक्टमधला नोटीस पीरियड सांगत नाहीत (दोन वर्षांपर्यंत एक महिना, पुढे दोन). आणि कन्सल्टन्सीवाल्याने तीस हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त मागितले तर तिथूनच उठा, आपल्या सरकारची मर्यादा तेवढीच आहे.

घाबरवायचं नाहीये. इथे रात्री अकराला मी एकटी चालत घरी येते, हे मला आपल्याकडे कुठे जमलं नसतं. पण काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये अबू धाबीला ड्रोन हल्ल्यात तिघं गेले, त्यातले दोघं भारतीय, कामावर असलेली साधी माणसं. आणि कतारला जमिनीची एकच सीमा आहे, सौदीची, अबू सामरा. २०१७ ला सौदीने ती बंद केली तेव्हा दुधासाठी विमानाने गाई आणाव्या लागल्या, जुने लोक अजून हसत सांगतात. तेव्हा तुमच्या इन्शुरन्स पॉलिसीत युद्ध वगळलंय का ते वाचा, तीन महिन्यांचा खर्च मोडता येईल असा ठेवा, आणि घरच्यांशी ठरवा की बातमी दिसली की आधी तुमच्या मेसेजची वाट बघायची.

२०२५ च्याच ऑगस्टमध्ये नागपूरची एक मुलगी नवीन लागली. ओरिएंटेशनला मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले, तो कागद आला तेव्हा कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे बघितलं, एचआरकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं आणि सही केली. प्रोबेशन आहे ना ताई, म्हणाली. ९ सप्टेंबरला दुपारी इस्रायलने दोह्यातच हल्ला केला, शाळा नुकती सुटली होती, धूर आमच्या बसमधून दिसत होता. चार मिनिटांत तिचा फोन आला. ताई, ती चावी कुणाकडे असते?