गोव्यात मूल दत्तक घेताना

सुरुवात 'कारा'च्या, म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्र सरकारी प्राधिकरणाच्या, केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणीने करा. कागदपत्रे 30 दिवसांत चढवा. रहिवासाला आधार किंवा वीजबिल पुरते. आपल्याकडे सगळीकडे मागतात तो पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला इथे नको. मग समाजसेविका घरी येऊन गृहभेट अहवाल करते. घर रंगवून बसू नका. ती माणसं पाहते.

वय आधीच मोजा. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत हवी. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही.

मूल सुचवलं की राखून ठेवायला 48 तासच मिळतात. नोंदवलेला मोबाईल बदललेला असेल तर संधी इथेच हुकते! दत्तक आदेश जिल्हाधिकारी देतात. नोटरीचा कागद करून परस्पर घेतलेलं बाळ कायद्याने तुमचं होत नाही. उलट गुन्हा ठरतो.