सौभद्र बसवताय? या चुका टाळा

हौशी मंडळाला संगीत नाटक करायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते 'संगीत सौभद्र'चं. गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पदं ओठांवर, आणि नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 सालीच गेल्यामुळे लेखकाच्या मानधनाचा प्रश्न नाही. (हाच हिशेब 'कट्यार काळजात घुसली'ला लावू नका. ते नाटक 1967चं आहे, लेखी परवानगी घ्यावीच लागते.)

घोळ सुरू होतो भूमिका वाटताना. 'गळा चांगला आहे' एवढ्यावर अर्जुन ठरतो आणि पहिल्या तालमीपासून पद म्हणजे मैफल होते. आम्ही आता पहिले आठ दिवस पेटी उघडतच नाही. पदं नुसती बोलायला लावतो, संवादासारखी. ज्याला ती बोलता येत नाहीत, त्याचं गाणं कितीही सुरेल असलं तरी नाटक तिथे थांबतं.

मग काटछाट. मूळ संहितेत शंभराहून जास्त पदं आहेत. 1882च्या प्रेक्षकाकडे अख्खी रात्र होती, आपल्याकडे तीन तास. पहिली कात्री लागते साक्या-दिंड्यांना, म्हणजे साध्या चालीत म्हणायच्या छोट्या पद्यांना, कारण त्यांत ताना मारायला वाव नाही. पण चार ओळींत कथानक पुढे ढकलतात त्या याच. कापायचेच असतील तर गाजलेल्या पदांतले आलाप कापा. गायक रुसतील, रुसू द्या.

सगळ्यात जास्त प्रयोग पडतात ते पट्टीमुळे, म्हणजे ज्याच्या त्याच्या गळ्याला सोयीच्या 'सा'मुळे. कृष्ण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी), सुभद्रा काळी चारमध्ये, आणि तबला एकच, एका वेळी एकाच सुरात लागणारा! मग तबलजी ऐन संवादात हातोडी घेऊन ठोकाठोकी करतो आणि शेजारचा माइक ती इमानदारीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. दोन तबले आणा, एक मोठ्या तोंडाचा, एक लहान तोंडाचा, आणि दोन्ही पडदा उघडण्याआधी लावून ठेवा. तरीही नट भलत्याच सुरात उठतो तो अचानक गायला लागल्यामुळे. पदाआधीच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली ऑर्गनवाल्याने हलकेच षड्ज, म्हणजे त्याच्या पट्टीचा 'सा', धरून ठेवायचा. प्रेक्षकाला कळतही नाही, नटाला मात्र आधार मिळतो. एवढं करूनही सूर सुटला, तर साथीदाराने त्याच्यामागे धावू नये. षड्जावरच थांबावं, तो परत येतो.

माइकबद्दल थोडक्यात: छातीवरच्या माइकवर मोत्यांचा कंठा आपटतो. रंगीत तालीम दागिन्यांसकट करा.

प्रकाशयोजनेवाल्याला पदं वाचायला द्या. आमच्या एका प्रयोगात 'प्रिये पहा' सुरू झालं. कृष्ण रात्र सरून उषःकाल होत असल्याचं गातोय आणि रंगमंचावर शेवटपर्यंत गर्द निळी मध्यरात्र.

वन्समोअर घ्यायचा की नाही, आणि घेतला तर कुठून उचलायचं, हेही आधी ठरवा. 'नच सुंदरी करू कोपा' संपलं, रुक्मिणीचा राग गेला, ती लाजून हसली, आणि वन्समोअर आला. कृष्णाने पद पुन्हा पहिल्यापासून धरलं. बिचारीला परत पाठ फिरवून रुसून बसावं लागलं. खांदे हसण्याने हलत होते, पुढच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "बघ, किती रडतेय पोर!"