फरशीखालचं हीटिंग: पहिल्यांदा लावताना

नोव्हेंबरात आई-बाबा नाशिकहून लीड्सला यायचे होते. थंडीत आईचे गुडघे धरतात, म्हणून बाथरूमच्या फरशीखाली हीटिंगची, म्हणजे विजेवर तापणाऱ्या वायरची मॅट टाकून घेतली. टाइल्स बसल्या त्याच संध्याकाळी बटण दाबायचा मोह झाला, पण आवरला. आधीच्या घरात कारागिराने दुसऱ्याच दिवशी हीटिंग लावून दाखवलं होतं. महिनाभरात दाराजवळचं ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरायचं मिश्रण) केसाएवढं तडकलं आणि तिथल्या टाइलवर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला लागला.

आपल्याकडचं बांधकाम पाहिलेल्यांना यामागचं कारण लगेच कळेल. स्लॅब टाकला की आळी करून त्यावर पाणी साठवतात, कारण सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, त्याची पाण्याशी क्रिया पुरी व्हावी लागते. टाइलखालच्या सिमेंटच्या अ‍ॅडहेसिव्हचंही तेच. खालून ऊब दिली की पाणी आधीच उडून जातं आणि पकड कच्ची राहते. तेव्हा लवकर वाळावं म्हणून ‘थोडंसंच’ हीटिंगसुद्धा लावू नका.

ग्राउट भरल्यावर मी पुरते 14 दिवस थांबले. तुमच्या मॅटच्या किंवा अ‍ॅडहेसिव्हच्या कागदावर जास्त दिवस दिले असतील तर तेवढे थांबा.

मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. मेन स्विच बंद करून त्याने मॅटचा रेझिस्टन्स मोजला. माझी मॅट 4 चौरस मीटरची, 600 वॅटची. 230 व्होल्टला हिशेब 88 ओहमच्या आसपास येतो. टाइल्स बसवण्याआधी 87 आला होता, आताही 87. आकडा बराच बदलला असेल तर थापी लागून वायर दुखावली असण्याची शक्यता आहे. अशी मॅट चालू करायची नाही. इन्सुलेशनची चाचणीही त्याच वेळी करून घ्या, आणि 30 मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच.

पहिल्या दिवशी फरशीचं तापमान 17 अंशांवर ठेवलं, जवळजवळ खोलीएवढंच. पुढे रोज दोन अंश वाढवले. दिवसाला पाचच्या वर कधीच जाऊ नका; टाइल आणि खालचा थर एकदम फुगले की ताण पकडीवर येतो. सहाव्या दिवशी 27 झालं, तिथेच थांबले. रोज सकाळी कोपऱ्यातल्या टाइल्सवर टिचकी मारून आवाज ऐकत होते. सगळीकडे भरीव.

आता आई अनवाणीच जाते. तिचं जाड पायपुसणं तेवढं मी रोज उचलून दांडीवर टाकते, त्याच्याखाली उष्णता कोंडते.