हुजूर पक्षाच्या नेत्याचा अभ्यास कसा करावा : मार्गारेट थॅचर यांच्या निमित्ताने

साताऱ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर दर रविवारी बसताना एक अडचण वारंवार येते, ती म्हणजे एखाद्या नेत्याविषयीचे मत आधी ठरते आणि माहिती त्या मतासाठी नंतर गोळा केली जाते. आपल्या वृत्तपत्रांनी ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी ‘हुजूर पक्ष’ हा शब्द रूढ केला. राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाला हा शब्द ऐकताच मानकरी आणि मुजरे दिसू लागतात. याच पक्षाच्या नेत्या आणि ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थॅचरबाई मात्र ग्रँथम या गावातल्या किराणा दुकानदाराच्या कन्या होत्या. म्हणून टिपण सुरू करण्यापूर्वी हा शब्द बाजूला ठेवावा.

वहीचे पान आडवे धरून त्यावर चार रकाने आखावेत : तारीख, विधान, कृती आणि झळ कोणाला बसली. तारखेचा रकाना पहिला असावा, कारण 1979 ते 1990 अशा साडेअकरा वर्षांच्या पंतप्रधानपदात माणूस एकाच जागी उभा राहत नाही. युरोपचेच घ्या. 1975च्या सार्वमतात थॅचर यांनी युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वीच्या रूपात, राहण्याच्या बाजूने प्रचार केला. 1984 साली फाँतेनब्लो येथे समुदायाला द्यायच्या ब्रिटनच्या वर्गणीत सूट मिळवली. सामायिक बाजारपेठ घडवणाऱ्या 1986च्या एकल युरोपीय कायद्याला संमती दिली. आणि 20 सप्टेंबर 1988 रोजी ब्रुज येथील भाषणात, ब्रिटनमध्ये मागे रेटलेली शासनाची सीमा ब्रसेल्समधून, म्हणजे समुदायाच्या मुख्यालयातून, पुन्हा लादली जाणे आम्हाला मान्य नाही, असे बजावले. आमच्यातल्या एका मुलाने ‘थॅचर युरोपविरोधी’ असे दोन शब्द लिहून पान मिटले होते. या चार तारखा समोर मांडल्यावर त्याने ते शब्द स्वतःच खोडले आणि खाली लिहिले, ‘सामायिक बाजारपेठ हवी, सामायिक सरकार नको.’

ब्रुजचे हे विधान अधोरेखित करावे, कारण घरचा कारभार आणि परराष्ट्र धोरण यांचा सांधा तिथेच सापडतो. उद्योग चालवणे हे शासनाचे काम नव्हे, परंतु चलन, कायदा आणि देशाची हद्द यांबाबत शासन खंबीरच असले पाहिजे, अशी ही भूमिका होती; तिला नुसते ‘कमी सरकार’ म्हणणे अपुरे ठरते. 1984–85च्या खाणकामगारांच्या संपात पोलीसबळ किती वापरले गेले, हे पाहिले की याची खात्री पटते.

कारभाराच्या भागात ‘खासगीकरण’ या शब्दापाशी जरा थांबावे. सांगली-साताऱ्याच्या सहकारी मुलखात हा शब्द म्हटला की सभासदांच्या हातून निसटलेला साखर कारखाना आठवतो; ब्रिटिश टेलिकॉम मात्र सरकारच्या मालकीची होती आणि 1984 मध्ये तिचे निम्म्याहून अधिक भाग जनतेला विकण्यात आले. आधी मालक कोण होता आणि नंतर कोण झाला, एवढे विचारले तरी गोंधळ टळतो. 1980च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला, याचीही नोंद करावी. विरोधी मजूर पक्षाचे कित्येक मतदार थॅचर यांच्या पक्षाकडे का वळले, याचे एक कारण त्यात आहे.

झळेचा रकाना मुले हमखास रिकामा ठेवतात. तो भरण्यासाठी 1990चा ‘पोल टॅक्स’, म्हणजे घरपट्टीऐवजी आणलेला माणशी कर, साताऱ्यात आणून पाहावा. समजा, नगरपालिकेने घरपट्टी रद्द केली आणि प्रत्येक प्रौढामागे सारखीच रक्कम ठरवली, तर मोठ्या बंगल्यातील दांपत्याला दोन माणसांचा कर पडेल आणि दोन खोल्यांत राहणाऱ्या चार प्रौढांच्या कुटुंबाला चौघांचा. गरिबांना ऐंशी टक्क्यांपर्यंत सूट होती, हेही प्रामाणिकपणे लिहावे. तरीही 31 मार्च 1990 रोजी लंडनमध्ये दंगल उसळली आणि नोव्हेंबरात थॅचर यांना पद सोडावे लागले, त्यामागे युरोपवरील पक्षांतर्गत मतभेदांबरोबर हा करही होता.

परराष्ट्र धोरणात फॉकलंड आणि हाँगकाँग या नोंदी शेजारी-शेजारी लिहाव्यात. 2 एप्रिल 1982 रोजी अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटे घेताच ब्रिटनचे आरमार रवाना झाले आणि 14 जूनला बेटे परत मिळाली. या युद्धात ब्रिटनचे 255 तर अर्जेंटिनाचे सुमारे 650 सैनिक मृत्युमुखी पडले. पुढे अडीच वर्षांतच त्याच पंतप्रधानांनी हाँगकाँग ही ब्रिटिश वसाहत 1997 मध्ये चीनला सोपवण्याच्या करारावर सही केली. वसाहतीच्या बहुतेक भूभागाचा 99 वर्षांचा भाडेपट्टा संपत आला होता आणि समोर चीन होता. बाणेदारपणालाही सातबारा आणि बळाबळ पाहावे लागते, असे मी वर्गात म्हणतो. मुलांनी ते लिहून घेऊ नये, दोन्ही नोंदी वाचून पटते का ते पाहावे.

‘समाज नावाची काही वस्तू नाही’ हे 1987च्या मुलाखतीतले वाक्य टिपणात घ्यायचे असेल, तर त्याच्या पुढेमागे काय म्हटले आहे तेही उतरवावे. स्वतःची आणि शेजाऱ्याची काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्याच मुलाखतीत आहे. मुद्दा पटो न पटो, वाक्य अर्धे तोडू नये. टिपणाचे शीर्षक मात्र चारही रकाने भरल्यावरच लिहावे, आणि तेही पेन्सिलीने.